गोव्याच्या हवेत कुठला ससा पाळावा: जाती, त्यांचे गुण आणि घेण्याआधीची तपासणी

ससा घ्यायला निघालेला माणूस आधी रंग पाहतो, मग कान पाहतो आणि जातीचं नाव दुकानदार सांगेल ते मान्य करतो. गोव्यात हे महागात पडतं. इथल्या दमट उकाड्यात सशाचं बरंवाईट तीन गोष्टींवर ठरतं: अंगावरचे केस किती लांब, तोंड किती चपटं आणि वजन किती. जात कळली की या तिन्ही गोष्टींचा अंदाज येतो, म्हणून जाती माहीत हव्यात. पण दुकानात सांगितलेली जात आणि पिंजऱ्यात बसलेला ससा यांचा मेळ क्वचितच बसतो, म्हणून समोरचा ससा स्वतः तपासताही यायला हवा. खाली दोन्ही दिलं आहे.

१. रानातला ससा वेगळा, घरातला वेगळा

घरी पाळले जाणारे सगळे ससे, किलोभराच्या नेदरलँड ड्वार्फपासून सहा-सात किलोच्या फ्लेमिश जायंटपर्यंत, एकाच युरोपीय रानसशाचे वंशज आहेत. सत्तरी, सांगे, काणकोणकडे काजूच्या बागांत दिसतो तो काळ्या मानेचा भारतीय ससा निराळा प्राणी आहे. त्याचा घरातल्या सशाशी संकर होत नाही आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याला पकडणं किंवा पाळणं गुन्हा आहे.

बाग साफ करताना अंगावर केस असलेली, डोळे उघडलेली पिल्लं एकटी दिसली तर ती या भारतीय सशाची समजा. ती टाकून दिलेली नसतात. आई दिवसभर लांब राहते आणि अंधार पडल्यावर पाजायला येते. तिथेच राहू द्या. घरातल्या सशाची पिल्लं जन्मतात तेव्हा बिनकेसांची आणि आंधळी असतात, त्यांचे डोळे दहाव्या-बाराव्या दिवशी उघडतात.

२. आधी जागा मोजा

आर्द्रताही दाखवणारा साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. ससा जिथे राहणार तिथे तो जमिनीवर ठेवा आणि आठवडाभर दुपारी दोन ते चार या वेळेतले आकडे लिहून ठेवा. हे काम एप्रिल-मेमध्ये केलंत तर उत्तम. डिसेंबरात मोजत असाल तर उन्हाळ्यात तीच जागा बरीच जास्त तापेल, हे धरून चाला.

सशाला 16 ते 22 अंश मानवतात. 27-28 पर्यंत सावलीत तो निभावतो. 30 च्या वर ताण सुरू होतो आणि 35 ला जिवाला धोका असतो. सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांच्या शिरांतून बाहेर टाकतो, आणि त्यासाठी भोवतीची हवा अंगापेक्षा बरीच गार असावी लागते.

मराठवाडा-विदर्भाकडचे सल्ले वाचून ओलं गोणपाट लटकवण्याची किंवा पाण्याचा कूलर लावण्याची चूक इथे करू नका. कोरड्या हवेत तो उपाय चालतो. किनारपट्टीवर हवा आधीच बाष्पाने भरलेली असल्यामुळे पाणी वाळत नाही, गारवा येत नाही, वर गवताला बुरशी लागते. इथे उपयोग होतो तो गार लादी, सतत फिरणारा पंखा आणि फडक्यात गुंडाळलेली गोठवलेल्या पाण्याची बाटली यांचा.

चिऱ्याच्या भिंतींच्या कौलारू घरातली उत्तरेकडची खोली बहुतेक चांगली निघते. स्लॅबखालची वरच्या मजल्यावरची खोली किंवा पश्चिमेची बाल्कनी असेल, तर दुपारभर एसी 24-26 वर चालवायची तयारी ठेवा. ती नसेल तर ससा घेऊ नका.

३. जाती: कुणाला घ्यावं, कुणाला टाळावं

अमेरिकन ससापालकांच्या संघटनेच्या यादीत पन्नासाच्या आसपास जाती आहेत. भारतात प्रत्यक्ष मिळणाऱ्या, किंवा निदान त्या नावाने विकल्या जाणाऱ्या, मोजक्याच आहेत.

*न्यूझीलंड व्हाइट.* नाव न्यूझीलंडचं असलं तरी जात अमेरिकेत तयार झाली. पांढरीशुभ्र, डोळे गुलाबी, वजन 4 ते साडेपाच किलो. आपल्याकडचे बहुतेक ‘साधे पांढरे ससे’ म्हणजे याच रक्ताची सरमिसळ असते, आणि त्यांचं वजन मूळ जातीपेक्षा बरंच कमी, दोन-तीन किलोच भरतं. गुलाबी डोळे हा आजार नव्हे, रंगद्रव्य नसल्याचा परिणाम आहे. अशा सशाची नजर अधू असते. अंतर जोखायला तो डोकं डावी-उजवीकडे हलवतो आणि प्रखर उजेड त्याला सोसत नाही. स्वभाव शांत, केस आखूड, तोंड लांबट. नवख्या माणसाने गोव्यात पहिला ससा म्हणून हा सरमिसळीचा, दोन-अडीच किलोचा, उभ्या कानांचा ससा घ्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे. दिसायला तो साधा आहे, पण इथे टिकतो.

*कॅलिफोर्नियन.* 1920 च्या दशकात कॅलिफोर्नियात तयार झालेली जात. अंग पांढरं, नाक, कान, पाय, शेपूट काळसर, वजन साडेतीन ते पावणेपाच किलो. या काळ्या खुणा तापमानावर अवलंबून असतात. अंगाचे गार भाग गडद होतात, उष्ण भाग पांढरे राहतात. म्हणून गोव्यात वाढलेल्या कॅलिफोर्नियनच्या खुणा फिकट, कधी नुसत्या करड्या दिसतात. ‘रंग उडालाय, म्हणजे भेसळ’ असं त्यावरून ठरवू नका. हिमालयन जातीचंही हेच आहे. ती आकाराने लहान, एक ते दोन किलोची, अंगाने लांबोडकी आणि स्वभावाने अतिशय सोशीक असते. खात्रीशीर मिळाली तर घ्यावी अशी.

*डच.* दीड ते अडीच किलो. कपाळावर पांढरा पट्टा, खांद्यांभोवती पांढरा पट्टा, मागचं अंग रंगीत. केस आखूड, चेहरा फार चपटा नाही, चळवळी. इथल्या हवेला चालणारी जात.

*रेक्स आणि मिनी रेक्स.* रेक्स फ्रान्सची, साडेतीन ते पावणेपाच किलोची. मिनी रेक्स दीड-दोन किलोची. राठ केस खालच्या मऊ केसांपेक्षा लांब वाढत नाहीत, त्यामुळे अंग मखमलीसारखं लागतं आणि मिशा वाकड्या असतात. केस विंचरावे लागत नाहीत, उकाडाही त्यातल्या त्यात सोसतो. दुखणं एकच: तळपायावर केस विरळ असतात, त्यामुळे जाळीच्या किंवा ओलसर जमिनीवर तळवे सोलवटून जखमा होतात. रेक्सला जाळीवर ठेवू नका.

*नेदरलँड ड्वार्फ.* जास्तीत जास्त 1.1 किलो, कान सुमारे 5 सेंटिमीटर, डोकं वाटोळं. दिसायला गोजिरवाणा, हाताळायला घाबरट आणि रागीट. तोंड चपटं असल्याने अनेकदा दात एकमेकांवर नीट बसत नाहीत. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला साधारण दोन मिलिमीटर. ते घासले गेले नाहीत तर तोंडात रुततात, अश्रुनलिका दबते, डोळे सतत गळतात. दर काही आठवड्यांनी डॉक्टरकडे जाण्याची तयारी असेल तरच हा घ्यावा.

*हॉलंड लॉप.* लोंबत्या कानांचा, 1.8 किलोपर्यंतचा. स्वभाव गोड, मुलांत लाडका. पण लोंबत्या कानात हवा खेळत नाही, मळ साठतो, आणि आपल्या दमट पावसाळ्यात तिथे जंतुसंसर्ग लवकर होतो. वर चपट्या तोंडाचे सगळे त्रास आहेतच. एसी आहे आणि दर आठवड्याला कान तपासायची सवय लावून घेणार असाल तर चालेल.

*लायनहेड.* मूळ बेल्जियमचा, पावणेदोन किलोपर्यंत, मानेभोवती आयाळ. आपल्याकडे ‘अंगोरा’ म्हणून विकलं जाणारं पिल्लू बहुतेक वेळा लायनहेडची सरमिसळ असते.

*अंगोरा.* लोकरीसाठी पाळली जाणारी, थंडीची जात. भारतात तिचं काम कुलूजवळच्या गडसा केंद्रासारख्या हिमालयातल्या ठिकाणी चालतं, आणि ते उगाच नव्हे. किनाऱ्यावर तिचे हाल होतात. केसांच्या गुठळ्या होतात, चाटलेली लोकर पोटात अडकते, ओल्या केसांत माश्या अंडी घालतात. गोव्यात अंगोरा घेऊ नका.

*मोठ्या जाती.* फ्लेमिश जायंट सहा किलोच्या वरचा. दक्षिणेतल्या मांसाच्या फार्मवर सोव्हिएत चिंचिला, ग्रे जायंट, व्हाइट जायंट दिसतात, चार-पाच किलोचे. अंग जितकं मोठं तितकी उष्णता बाहेर टाकणं कठीण, तळव्यांवर भार जास्त, आयुष्यही कमी. लहान ससा नीट सांभाळला तर 8 ते 12 वर्षं जगतो, फ्लेमिश पाच-सहा वर्षांतच म्हातारा होतो.

रंगाबद्दल एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. ठिपक्यांच्या सशांत ठिपक्याचं जनुक दोन्ही पालकांकडून आलं तर पिल्लू जवळजवळ पूर्ण पांढरं होतं: नाकाजवळ थोडा डाग, डोळ्यांभोवती काजळासारखी रेघ, कान रंगीत, अंगावर जेमतेम रंग. अशांपैकी अनेकांचं मोठं आतडं जन्मतःच सुस्त असतं. लेंड्या मोठ्या, वेड्यावाकड्या, चिकट येतात आणि पोटाचे झटके आयुष्यभर सुटत नाहीत. काजळ घातल्यासारखा हा ससा सगळ्यांत देखणा दिसतो, म्हणून आधी विकला जातो.

४. हातात घेऊन करायची तपासणी

सकाळी जा. दुपारी सगळेच ससे मलूल असतात, आजारी कोण ते कळत नाही. घाई करू नका, क्रमाने पाहा.

(१) वय. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नका. चार आठवड्यांत आईपासून तोडलेल्या पिल्लाची आतडी तयार नसतात, आणि नव्या घरी आठवड्याभरात हगवणीने मरतात ती बहुतेक हीच. ‘टीकप’, ‘मिनी’, ‘ड्वार्फ’ म्हणून दाखवलेलं पिल्लू अनेकदा मोठ्या जातीचं महिन्याचं बाळ असतं.

(२) वजन आणि मागचे पाय. स्वयंपाकघरातला काटा घेऊन जा. वजन पाचशे ग्रॅम, कान लांब आणि मागचे पंजे अंगाच्या मानाने फार मोठे, म्हणजे हा ससा पुढे चांगला वाढणार. खऱ्या ड्वार्फचे कान आखूड, डोकं मोठं आणि वाटोळं असतं. शंका असेल तर दोन आठवड्यांनी परत वजन करा. दिवसाला वीस ग्रॅमहून जास्त भर पडत असेल तर तो ड्वार्फ नाही.

(३) दात. ओठ हलकेच बाजूला करा. वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या किंचित पुढे यायला हवेत. टोकाला टोक भिडत असेल किंवा खालचे पुढे आले असतील तर नको.

(४) कान आणि नाक. कानात खपलीसारखा तपकिरी थर म्हणजे खरजेचे किडे. नाकपुडी ओली आणि पुढच्या पंजांच्या आतल्या बाजूचे केस चिकटलेले म्हणजे सर्दी. ससा नाक पंजाने पुसतो, म्हणून नाक कोरडं दिसलं तरी पंजे खरं सांगतात.

(५) शेपटीखाली. चिकटलेली घाण, ओलसरपणा नको. त्याच पिंजऱ्यातल्या दुसऱ्या पिल्लाला हगवण असेल तर तिथलं एकही घेऊ नका. कॉक्सिडियाचा जंतू दमट जागी सगळ्या पिल्लांत पसरतो.

(६) तळपाय. केस शाबूत, लाल चट्टे नाहीत.

(७) नर की मादी. शेपटीजवळच्या भागावर हलकेच दाब दिल्यावर नरात गोल छिद्र, मादीत उभी फट दिसते. आठ आठवड्यांत अनुभवी माणसाचीही चूक होते. नराचे वृषण दहा-बारा आठवड्यांनी खाली उतरतात.

म्हणूनच ‘दोन्ही माद्या आहेत’ म्हणून दिलेली जोडी चार महिन्यांनी पिल्लं घालते. लहान जाती चौथ्या महिन्यात वयात येतात, मध्यम पाचव्या-सहाव्या, मोठ्या आठव्या-नवव्या. गर्भ 30 ते 32 दिवसांचा, आणि पिल्लं झाली त्याच दिवशी मादी पुन्हा गाभण राहू शकते. दुकानातून आणलेली जोडी तिसऱ्या महिन्यापासून वेगळी ठेवा, दोघांची नसबंदी होईपर्यंत. नराची शस्त्रक्रिया झाल्यावरही त्याला चार-सहा आठवडे मादीजवळ सोडू नका.

५. सामान आणि कागद

ससा आणण्याआधी घरात असायला हवं:

- घडीचं जाळीचं कुंपण, निदान दोन मीटर गुणिले तीन मीटर जागा घेरणारं. पिंजरा फक्त झोपण्यापुरता, तोही सपाट तळाचा
- मातीचं जड भांडं पाण्याला, डिचोलीच्या कुंभारांकडचं चालेल. नळीच्या बाटलीपेक्षा ससा भांड्यातून जास्त पाणी पितो
- लेंड्यांसाठी पसरट ट्रे, त्यात कागद आणि वर गवत. मांजरांची गुठळ्या होणारी वाळू नको, गिरणीतला बारीक भुसाही नको, त्याची धूळ फुप्फुसात जाते
- जाड चटई, लपायला दोन दारांचं खोकं
- काटा, थर्मामीटर, नखं कापायची कात्री, बारीक दातांचा कंगवा
- विजेच्या वायरींवर प्लास्टिकची नळी. ससा वायर कुरतडतोच

कागद फार नाहीत. 2018 च्या केंद्रीय नियमांनुसार पाळीव प्राण्यांच्या दुकानाला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, तो नोंदणी क्रमांक विचारा आणि पावतीवर जन्मतारीख लिहून घ्या. भाड्याच्या घरात असाल तर मालकाची लेखी संमती. बेळगाव-कोल्हापूरकडून ससा आणणार असाल तर घाट पहाटे उतरा. बंद गाडीत दुपारी अर्धा तासही नको.

६. पहिले दोन आठवडे

दुकानात खात होता तेच खाणं आठ दिवसांपुरतं सोबत आणा आणि नवं खाणं हळूहळू मिसळा. खाणं एकदम बदललं की आतड्यातले उपयोगी जंतू मरतात.

मोठ्या सशाच्या खाण्यात चार-पंचमांश सुकं गवत हवं, रोज त्याच्या अंगाएवढा ढीग. पेलेट (दुकानात मिळणाऱ्या दाबलेल्या खाद्याच्या कांड्या) सशाच्या वजनाच्या किलोमागे 20 ते 25 ग्रॅम, म्हणजे दोन किलोच्या सशाला मूठभरच. टिमोथी गवत ऑनलाइन मागवावं लागतं. घरी हायब्रीड नेपियर लावलंत तर ते कापून, दिवसभर सुकवून द्या. जुन्या गोव्याच्या कृषी विज्ञान केंद्रात चाऱ्याच्या ठोंबांबद्दल विचारून पाहा. भाताचा पेंढा अंथरायला चांगला, खाण्यात मात्र त्याला कस नसतो.

पाला: कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला, थोडा शेवग्याचा. तांबडी भाजी आणि पालक आठवड्यातून एकदा-दोनदाच. सुबाभूळ रोज दिली तर तिच्यातल्या मिमोसिनमुळे केस गळतात. घाणेरी विषारी आहे, कुंपणाकडचा पाला तोडताना नीट बघा. चवथीच्या माटोळीतलं (गणपतीवर टांगतात त्या फळापानांच्या आराशीतलं) काहीही नको. कवंडळासारखी रानफळं माटोळीत शोभतात, सशाच्या पोटात नव्हे. आणि पोदेराकडचा पाव, बिस्कीट, फणसाचे गरे, आंब्याच्या साली नकोत. ससा हे सगळं आवडीने खाईल, त्याची आवड हा पुरावा मानू नका.

दोन गोष्टींनी नवखे घाबरतात. मूत्र लालसर येतं, ते बहुधा पाल्यातल्या रंगद्रव्यामुळे. दोन-तीन दिवस तसंच राहिलं किंवा ससा कुंथायला लागला तर दाखवा. आणि ससा स्वतःच्या मऊ, द्राक्षाच्या घोसासारख्या लेंड्या तोंडाने उचलून खातो. खाऊ द्या, त्यातूनच त्याला जीवनसत्त्वं आणि प्रथिनं मिळतात.

७. पावसाळा

जून ते सप्टेंबरात गवताला बुरशी येते. महिन्याचं गवत एकदम उघडून ठेवू नका. हवाबंद डब्यात थोडं थोडं काढा, आंबूस वास आला की फेकून द्या. ट्रे दिवसातून दोनदा बदला, कारण दमट हवेत मूत्राचा अमोनिया बसून राहतो आणि सर्दी तिथूनच सुरू होते. सकाळ-संध्याकाळ सशाच्या शेपटीखाली बघा. माश्यांनी तिथे अंडी घातली तर एका दिवसात किडे पडतात आणि ससा दोन-तीन दिवसांत जाऊ शकतो. सशाला आंघोळ कधीच घालू नका, घाण लागली तर तेवढाच भाग ओल्या कापडाने पुसून लगेच कोरडा करा.

८. डॉक्टर आधी, ससा नंतर

कुत्र्यामांजरांवर उपचार करणारा प्रत्येक डॉक्टर सशावर करतोच असं नाही. फोन करून एकच प्रश्न विचारा: ‘नसबंदीआधी सशाला किती तास उपाशी ठेवायचं?’ ‘रात्रभर’ असं उत्तर आलं तर दुसरा डॉक्टर शोधा. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे उपाशी ठेवायचं कारण नाही, आणि उपाशी राहिला तर आतडी थांबतात. सरकारी पशुवैद्यकीय रुग्णालयं पणजीत टोंक्याला आणि मडगावला सोनसोड्याला आहेत. तिथे ससे पाहणारे डॉक्टर कुठल्या दिवशी असतात ते आधीच विचारून ठेवा. मादीची नसबंदी सहाव्या महिन्यानंतर करून घ्याच, चार वर्षांपुढच्या माद्यांत गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण फार मोठं आहे.

दोन औषधं लक्षात ठेवा. गोचीड-पिसवांसाठी कुत्र्यांना मारतात तो फिप्रोनिलचा फवारा सशाला विष आहे. तोंडाने दिलेलं अमोक्सिसिलिन किंवा पेनिसिलिनही जीव घेतं. घरातल्या गोळ्या देऊ नका.

तोंड उघडून धापा, लाळ, कान लालबुंद आणि गरम, अंग सैल: हा उष्माघात. गार खोलीत न्या, कान साध्या गार पाण्याने भिजवत राहा, पंखा लावा आणि निघा. बादलीत बुडवू नका, बर्फ चोळू नका, त्या धक्क्याने हृदय थांबू शकतं.

आणि बारा तास खाणं किंवा लेंड्या बंद असतील तर उद्याची वाट बघू नका. जाताना ताज्या लेंड्या असतील तर त्या डबीत, खात असलेलं गवत आणि पेलेट पिशवीत आणि शेवटचं वजन कागदावर लिहून घ्या. जोडीतला दुसरा ससा असेल तर तोही त्याच टोपलीत न्या, नाहीतर परत आल्यावर अनोळखी वासामुळे दोघं भांडतात.